मोतीबिंदू आणि गुंगीचे इंजेक्शन

"डॉक्टर, मला पूर्ण झोपवूनच मोतीबिंदू काढायला सांगा," अशी गळ एका आजोबांनी मला घातली. मी नाही म्हणालो. हे ऑपरेशन बहुधा थेंब टाकून किंवा डोळ्याजवळ इंजेक्शन देऊन, डोळा बधिर करून होते. रुग्णाने जागे राहून स्थिर पडायचे असते. गुंगीत डुलकी लागली की माणूस दचकून मान हलवतो, आणि तेव्हा डोळ्यात हत्यार असते! फारच धास्ती असेल तर भूलतज्ज्ञ शिरेतून मिडाझोलाम थोडे थोडे देतात. ते काही मिनिटांत लागू पडते व त्यामानाने लवकर ओसरते. जुने डायझेपाम म्हाताऱ्या शरीरात काही दिवस रेंगाळते. वय, दम्याचा त्रास, घोरणे पाहून मात्रा कमी ठेवावी लागते, कारण श्वास मंदावू शकतो.

आजोबा रोज रात्री अल्प्राझोलाम घेत आणि नेत्रतज्ज्ञांना हे त्यांनी सांगितलेच नव्हते! झोपेची गोळी, दारू, जे असेल ते सांगावे. घरची गोळी आपल्या मनाने जादा घेऊ नये, अचानक बंदही करू नये. गुंगी दिली असल्यास सोबत माणूस हवा. 24 तास स्कूटर नको.

आजोबांचे ऑपरेशन थेंबांवरच झाले. सिस्टरने हात धरला होता, तेवढे पुरले.