बिल झालं, आता टॅग बंद करा

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातल्या साखरशेतहून मुंबईला निघालेली जीप विक्रमगड, मनोर करत अहमदाबाद महामार्गाला लागते आणि खानिवड्याच्या टोलनाक्यावर हळू होते. काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, पैसे कापले जातात आणि घरी बसलेल्या मालकाच्या मोबाइलवर मेसेज येतो. गाडी कुठवर पोचली, ते त्याला बसल्याजागी कळतं. सोय मोठी आहे, पण तीच नोंद बँकेकडेही राहते.

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडतो. टॅगचा अँटेना त्याच लहरींतून ऊर्जा घेतो आणि चिप आपला क्रमांक उलट कळवते. हेच आरएफआयडी तंत्र आता कपड्यांत आलं आहे. डिकॅथलॉनसारखी दुकानं ते सर्रास वापरतात. असं लेबल उजेडासमोर धरलं, तर आत धातूची नागमोडी रेघ आणि मधोमध मोहरीहून बारीक ठिपका दिसतो. रेघ म्हणजे अँटेना, ठिपका म्हणजे चिप.

बारकोड फक्त मालाचा प्रकार सांगतो. एकाच मापाच्या, रंगाच्या हजारो शर्टांवर तोच असतो. टॅगमध्ये साधारणपणे ९६ बिटांचा क्रमांक असतो आणि तो प्रत्येक शर्टाचा वेगळा. शिवाय तो पिशवीतूनही वाचता येतो, आपल्या नकळत. बिल करताना मोबाइल नंबर दिला की त्या क्रमांकाला आपलं नाव जोडता येतं. मग तोच शर्ट घालून रीडर बसवलेल्या दुसऱ्या दारातून गेलं, तर कोण आलं, किती वाजता आलं, हे न विचारता कळू शकतं.

घाबरून जायचं मात्र कारण नाही. असा टॅग उपग्रहावरून शोधता येत नाही. तो फार तर काही मीटरवरून वाचला जातो. धातू आणि शरीरातलं पाणी लहरींना अडवतं. रीडर नाही तिथे टॅग मुकाच. म्हणून प्रश्न साखरशेतच्या पाड्यावरचा नाही, तिथली माणसं कामाला, शिकायला ज्या शहरांत उतरतात तिथला आहे.

फास्टॅगचं काम प्रत्येक नाक्यावर असतं. कपड्यातल्या टॅगचं काम मालाची मोजदाद आणि चोरी रोखणं. बिल झालं की ते संपतं. २००३ साली बेनेटनच्या कपड्यांत असे टॅग बसणार अशी बातमी आली, तेव्हा ग्राहकांनी बहिष्काराची हाक दिली आणि कंपनीला खुलासा करावा लागला. उपाय तंत्रातच आहे: या टॅगच्या जागतिक मानकात चिप कायमची बंद करणारी आज्ञा दिलेली आहे. कपडा बदलून द्यायला बिल आणि बारकोड पुरतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मागतानाची सूचना मराठीतही मिळायला हवी. वारली, कातकरी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला ती तोंडी समजावणं हे दुकानदाराचं कर्तव्य मानलं पाहिजे. टॅग असल्याची पाटी दारात लागावी आणि बिलाच्या टेबलावरच तो बंद व्हावा. तोवर शिवणीतलं लेबल कात्रीने कापून टाकावं, आणि मोबाइल नंबर मागितला तर ‘कशाला?’ असं बेधडक विचारावं.