माल घरी, माणूस दारी

न्हावा-शेवा बंदरात रात्रंदिवस कंटेनर उतरत असतात. कोणात यंत्रे, कोणात रसायने, कोणात भंगार. आणि अधूनमधून एखाद्या कंटेनरात कोणाचा तरी अख्खा संसारही असतो. न्यू जर्सी, टोरांटो किंवा बर्मिंगहॅम येथे तीस-पस्तीस वर्षे काढलेले जोडपे उतारवयात पुण्यास, ठाण्यास वा सांगलीस कायमचे परतावयाचे ठरविते, आणि त्यांची पुस्तके, गाद्या, भांडीकुंडी आणि देव्हारा सागरमार्गे स्वदेशी येतो. सीमाशुल्क खात्याच्या परिभाषेत यास 'ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स', म्हणजे निवासाचे स्थलांतर, असे भारदस्त नाव आहे. अशा प्रसंगी ते खाते प्रवाशास मुख्यतः एकच प्रश्न विचारते: आपण परदेशी किती दिवस होतात?

या प्रश्नाच्या उत्तरावर सवलत ठरते आणि गंमत अशी की, गैरहजेरी जितकी दीर्घ तितकी सवलत मोठी! 2016 सालच्या बॅगेज नियमांनी तीन ते सहा महिने बाहेर राहून परतणाऱ्या नोकरदारास 60 हजार रुपयांपर्यंतच्या घरगुती सामानावर शुल्कमाफी दिली, तर दोन वर्षे वा अधिक काळ बाहेर काढलेल्यास तीच माफी 5 लाख रुपयांपर्यंत नेली. अटी-शर्ती अर्थातच होत्या. सरकारी सवलत अटींवाचून कधी जन्मास आली आहे? परंतु त्या नियमांमागचे तत्त्व शहाणपणाचे होते. माणूस पोटासाठी घर सोडतो, वर्षानुवर्षे बाहेर राहतो आणि तरीही तो परत येतो तेव्हा नवखा म्हणून येत नाही, हे सरकारच्या एका खात्याने त्यात मान्य केले होते.

दुसरे खाते आयकराचे. त्याचा हिशेब याच्या उलट, परंतु तितकाच सरळ आहे. गृहस्थ एका वर्षात 182 दिवस भारतात राहिला की आयकर खाते त्यास निवासी समजते. त्याच्या खिशात कोणत्या देशाचे पारपत्र आहे याची ते खाते विचारपूसही करीत नाही. कर घ्यावयाचा असला म्हणजे सरकारला आपला माणूस फार लवकर ओळखू येतो.

तिसरे दार गृहमंत्रालयाचे आणि तेथे मात्र हे सारे दिवस फुकट जातात. ज्याने मधल्या काळात परदेशाचे नागरिकत्व घेतले असेल त्याचे भारतीय नागरिकत्व 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या 9 व्या कलमान्वये आपोआप संपलेले असते. त्यासाठी नोटीस नाही, सुनावणी नाही, 'आपण देश सोडलात काय' असा प्रश्नही नाही. तिकडे नोकरी टिकावी, मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपावा, आईवडिलांस बोलावून घेता यावे, अशा साध्या प्रापंचिक कारणांनी चाळिशीत केलेली एक सही. तिचा अर्थ कायदा जन्मभूमीचा त्याग असा लावतो. आम्हांस हा अर्थ मान्य नाही. परंतु तो मान्य केला तरी पुढचा प्रश्न उरतोच. ज्याने त्या सहीचे परिणाम जाणले, जो परदेशाचे पारपत्र परत करण्यास तयार आहे, जो या मातीत जन्मला आणि येथेच देह ठेवू इच्छितो, त्याच्यासाठी परतीची वाट कोणती?

वाट आहे, असे कायदा म्हणतो. 5 व्या कलमाचे एक उपकलम पूर्वाश्रमीच्या भारतीय नागरिकास बारा महिने येथे सलग राहिल्यानंतर नोंदणीसाठी अर्ज करण्याची मुभा देते. हे वाचून वाचकांस हायसे वाटेल. परंतु त्यांनी याच कलमात थोडे खाली उतरून पाहावे. ज्याचे भारतीय नागरिकत्व या कायद्याखाली संपले आहे त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या आदेशावाचून होणार नाही, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. वरच्या ओळीत दार उघडले आहे आणि खालच्या ओळीत त्यास कुलूप घातले आहे. या विशेष आदेशाची अट अन्य परकीय अर्जदारांना नाही. भारतीयाशी विवाह करून आलेल्या परदेशी स्त्रीला ती नाही. ती आहे फक्त त्याला, जो एकदा आपला होता. जन्मदात्री आईने शेजारणीच्या लेकरास आत घ्यावे आणि स्वतःच्या लेकरास ओट्यावर उभे करून 'तू कोण' असे विचारावे, असा हा प्रकार आहे.

नागरिकत्व 'पुन्हा धारण करणे' हा शब्द आमच्या कायद्यास ठाऊक नाही असे नाही. 8 व्या कलमात तो आहे. आईबापांनी नागरिकत्व सोडल्याची रीतसर घोषणा केली आणि त्यामुळे अजाण मुलाचेही नागरिकत्व गेले, तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या आत घोषणा करून ते परत मिळवू शकतो. परंतु येथेही मेख आहे. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, आईबापांचे नागरिकत्व स्वेच्छेच्या घोषणेने न जाता 9 व्या कलमाने आपोआप संपले असेल, तर त्यांच्या अपत्यास हा मार्ग मोकळा नाही. कायद्याच्या शब्दांवर न्यायालयाचे बोट बरोबर आहे. न्यायालयाने शब्द बदलावयाचे नसतात. ते काम संसदेचे आहे. ज्यांनी विचारपूर्वक नागरिकत्व सोडले त्यांच्या मुलांना परतता येते आणि ज्यांचे ते नकळत गळून पडले त्यांच्या मुलांना येत नाही, ही विसंगती संसदेच्या नजरेस यावयास नको काय?

यावर सरकारपक्षाचे उत्तर ठरलेले आहे: 'ओसीआय' कार्ड. 2005 च्या कायदेदुरुस्तीनंतर ही योजना रुळली आणि 2022 च्या आरंभी कार्डधारकांची संख्या 40 लाखांच्या वर गेली होती. या कार्डाने पुष्कळांची सोय झाली हे आम्ही नाकारीत नाही. आजारी वडिलांच्या उशाशी बसण्यास दर खेपेस व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु 'ओव्हरसीज सिटिझन' या नावातील 'सिटिझन' हा शब्द केवळ शोभेचा आहे. कार्डधारकास मत नाही, सरकारी नोकरीचा समान हक्क नाही, शेतजमीन विकत घेण्याची मुभा नाही. 2021 च्या अधिसूचनेनुसार तर त्याला येथे संशोधन करावयाचे असल्यासही खास परवानगी काढावी लागते. पुण्यात जन्मलेल्या आणि तेथेच संस्कृत शिकलेल्या प्राध्यापकाने निवृत्तीनंतर पुण्याच्याच एखाद्या ग्रंथालयात पोथ्या चाळावयास बसावे, तर त्याने आधी सरकारची अनुमती घेतली पाहिजे!

हे कार्ड म्हणजे निवासाचा हक्क नव्हे, ती एक लांब मुदतीची परवानगी आहे, याचा प्रत्यय 2020 साली आला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये साथीच्या कारणाने सरकारने कार्डधारकांची व्हिसाविना प्रवेशाची सोय एका आदेशाने तहकूब केली. 'आजीव' हा शब्द कार्डावर तसाच राहिला आणि कार्डधारक परदेशातील विमानतळांवर अडकले. मे महिन्यात काही गटांना सूट मिळाली. सर्वांना वाट मोकळी होण्यास ऑक्टोबर उजाडला. साथ भयंकर होती, निर्बंध हवेच होते, हे सर्व खरे. परंतु त्याच काळात भारतीय पारपत्रधारकांना आणण्यासाठी सरकारने विमाने पाठविली. नवऱ्याकडे निळे पारपत्र आणि बायकोकडे कार्ड अशा घरात त्या सात महिन्यांत काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे 2025 च्या ऑगस्टमध्ये, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नुसते आरोपपत्र दाखल झाले तरी हे कार्ड रद्द होऊ शकेल, अशी अधिसूचना निघाली. आरोपपत्र म्हणजे शिक्षा नव्हे, हे न्यायशास्त्राचे पहिलेच पाठ आहे.

दिवस मोजून माणसाचे घर काढून घेण्याची ही विद्या आम्हांस नवी नाही. आमच्याच किनाऱ्याने ती एकेकाळी सोसली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जंजिरा आणि रत्नागिरी भागातील कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊन स्थायिक झाले होते. बायकामुले गावी, धंदा केपटाऊनला, अशी त्यांपैकी अनेकांची स्थिती. घरी भेटीस यावयाचे तर तेथील सरकारकडून मुदतीचा परवाना घेऊन यावे लागे. कोणाची आई आजारी पडो, कोणाचे लग्न लांबो, बोट चुको. मुदत टळली की केपटाऊनचे दुकान, घर, हक्क सारे बुडाले. 1927 च्या कायद्याने तीन वर्षांच्या सलग गैरहजेरीनंतर भारतीयांचा तेथील अधिवासच संपुष्टात आणला. त्या अन्यायाविरुद्ध या देशातील पुढाऱ्यांनी किती भाषणे केली! ती योग्यच होती. आफ्रिकेत दोन दशके काढून गांधीजी 9 जानेवारी 1915 रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. त्याच तारखेस आता सरकार प्रवासी भारतीय दिवस साजरा करते.

आणखी एक जुनी गोष्ट या संदर्भात आठवण्याजोगी आहे. फाळणीनंतर 19 जुलै 1948 पासून पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत सुरू झाली आणि त्या धगधगत्या काळातही आमच्या घटनाकारांनी 7 व्या अनुच्छेदात 'कायमच्या परतीचा परवाना' या शब्दांना जागा ठेवली. पुढे 1954 साली एब्राहिम वजीर विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, परवान्यावाचून आलेला माणूस भारतीय नागरिक असेल तर केवळ त्या कारणास्तव त्याला देशाबाहेर घालविता येणार नाही, असे ठरवून त्या कायद्याचे तेवढे कलम रद्द केले. देशाचे दोन तुकडे नुकतेच झालेले असताना ज्या राष्ट्राला परतणाऱ्या माणसाचा एवढा विचार करता आला, त्याला आज तो करता येऊ नये?

परदेशांचे कायदे फार उदार आहेत असे आमचे म्हणणे नाही. मुलाकडे अमेरिकेत राहावयास गेलेले, ग्रीन कार्ड घेतलेले आणि मग गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दादरला येऊन वर्षाहून अधिक काळ राहिलेले आजीआजोबा आमच्या वाचकांच्या ओळखीत असतील. त्यांचे ते कार्ड परत जाण्यास पुरेसे राहत नाही. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याची अनुमती दोन वर्षांच्या गैरहजेरीने जाते; कॅनडात पाच वर्षांत 730 दिवस भरावे लागतात. परंतु अमेरिकेने 'परतणारा रहिवासी' असा स्वतंत्र व्हिसा ठेवला आहे आणि त्यासाठी तीन गोष्टी पाहिल्या जातात: जाताना परतण्याचा इरादा होता काय, तो इरादा सोडला होता काय, आणि लांबलेला मुक्काम आपल्या हाताबाहेरच्या कारणाने लांबला काय. असा व्हिसा सहजी मिळतो असे नाही. पण निदान प्रश्न तरी माणसासारखे विचारले जातात. आमच्या 9 व्या कलमात इराद्याला जागाच नाही.

हा प्रश्न केवळ डॉलर मिळवून आलेल्या सुखवस्तूंचा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. गोव्याकडे पाहावे. 1961 पूर्वीच्या जन्मामुळे किंवा आईबापांच्या तशा जन्मामुळे पोर्तुगीज पारपत्र मिळविणारे बहुसंख्य गोवेकर इंग्लंडात गोदामांत आणि कारखान्यांत राबावयास गेले. भारतीय पारपत्र वेळीच परत न केल्यामुळे ते सरकारने रद्द केले की, हातात ते परत केल्याचा दाखला राहत नसे आणि त्या दाखल्यावाचून ओसीआय कार्डही मिळत नसे. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्राने पारपत्र रद्द केल्याचा आदेशच दाखला म्हणून स्वीकारण्याचे ठरविले तेव्हा कुठे ही गाठ थोडी सुटली. एका कागदासाठी स्वतःच्या गावात परके ठरण्याची पाळी आलेली ही माणसे सुखवस्तू नव्हती.

आणि परतीचा हक्क देशाबाहेर गेलेल्यांनाच लागतो असेही कोणी समजू नये. परतणाऱ्यांचे सामान ज्या बंदरात उतरते, ते बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले; त्यासाठी शेवा कोळीवाड्यातील 256 कुटुंबे आपल्या किनाऱ्यावरून उठविली गेली आणि उरण तालुक्यातच हनुमान कोळीवाडा नावाच्या वसाहतीत आणून बसविली गेली. तेथे घरांना वाळवीने पोखरले. योग्य पुनर्वसनासाठी या कोळी बांधवांनी दशकानुदशके सरकारी उंबरठे झिजविले, आणि मूळ गावठाणात परत जाऊ असा इशाराही दिला. त्यांनी कोणत्या परक्या राष्ट्राची शपथ घेतली होती?

आम्ही दुहेरी नागरिकत्व मागत नाही. त्यास घटनेचा आणि राष्ट्रनिष्ठेचा जो आक्षेप आहे तो विचार करण्याजोगा आहे. आमचे मागणे मर्यादित आहे. जो एकदा भारताचा नागरिक होता, ज्याच्यावर गंभीर गुन्ह्याचा डाग नाही, जो परकीय नागरिकत्व सोडून येथे वर्षभर राहिला, त्याला नागरिकत्व मेहेरबानी म्हणून नव्हे तर हक्क म्हणून परत मिळावे. त्यासाठी 5 व्या कलमातील ती विशेष आदेशाची अट जन्मसिद्ध नागरिकांपुरती काढून टाकावी. 8 व्या कलमातील सवलत 9 व्या कलमाने नागरिकत्व गमावलेल्यांच्या मुलांसही लागू करावी. आणि भारतात जन्मलेल्या कार्डधारकाचा येथील प्रवेश केवळ प्रशासकीय आदेशाने थांबविता येणार नाही, अशी तरतूद कायद्यातच असावी.

कायदादुरुस्तीस वेळ लागेल हे आम्ही जाणतो. तोवर गृहमंत्रालयास एक गोष्ट उद्याही करता येईल. पूर्वाश्रमीच्या नागरिकाचा अर्ज आल्यावर आदेशासंबंधीचा निर्णय किती दिवसांत दिला जाईल, आणि नकार दिल्यास त्याचे कारण लेखी कळविले जाईल की नाही, हे त्याने जाहीर करावे. त्यासाठी संसदेचीही वाट पाहावी लागत नाही.