उलुदागचा बर्फ, बुर्साची अजान

बर्फाचे डोंगर म्हटले की आपल्या घरांत काश्मीरचे नाव निघते, आणि बर्फावर स्कीइंग म्हटले की 'ते आपले काम नव्हे' असे उत्तर मिळते. कारणेही ठरलेली असतात. मुलींच्या कपड्यांचे काय? नमाजचे काय? हलाल जेवण मिळेल का? आणि एवढा खर्च म्हणजे इसराफ नव्हे का? आमच्या घरातही हेच प्रश्न निघाले. दादींनी तर सरळ अट घातली, "सैर करा, पण एकही नमाज सुटता कामा नये." ती अट सांभाळून तुर्कस्तानातील बुर्सा आणि त्याच्या डोक्यावरचा उलुदाग पर्वत पाहून आलो. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहोत.

शहर आणि पर्वत

एर्तुग्रुल गाझींची मालिका आपल्याकडे घरोघरी पाहिली गेली. त्यांचे पुत्र उस्मान आणि नातू ओरहान यांच्या कबरी बुर्साच्या तोपहाने भागात शेजारी शेजारी आहेत. 1326 मध्ये ओरहान यांनी हे शहर घेतले आणि ते उस्मानी राज्याची राजधानी झाले.

शहराच्या मध्यभागी उलू जामी आहे. सुलतान बायजीद पहिले यांच्या काळात, चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या मशिदीला 20 घुमट आहेत. आत, ऐन मधोमध वुजूचे कारंजे आहे. भिंतींवर सुंदर खत्ताती आहे. याच मशिदीचे इमाम सुलेमान चेलेबी यांनी 1409 मध्ये लिहिलेला मौलिद तुर्कस्तानात आजही पढला जातो.

तुर्की भाषेत 'उलू' म्हणजे महान. शहरात महान मशीद आणि वर महान पर्वत. उलुदागची उंची 2,543 मीटर. पूर्वी याच डोंगरावरचा बर्फ इस्तंबूलच्या राजवाड्यापर्यंत जात असे. शहरातून वर जायला केबल कार आहे. ती प्रथम 1963 मध्ये सुरू झाली. आताचा नवा मार्ग सुमारे 9 किलोमीटरचा आहे. जोराचा वारा सुटला तर ती बंद ठेवतात, तेव्हा मोटारीने घाटरस्त्याने जावे लागते.

पडणे आधी शिका

स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट सगळे वर भाड्याने मिळते. पहिले दोन-तीन दिवस शिक्षक घ्यावा. पैसे वाचवायला इथे जाऊ नये. आधी बाजूला पडायला आणि उठायला शिकवतात. मग स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून वेग कमी करायला शिकवतात. मुले हे पटकन उचलतात, मोठ्यांचे गुडघे बोलू लागतात. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी घसरगाडी आहेच.

कपड्यांची चिंता तर वर पोचताच मिटली. थंडीमुळे तिथे स्त्री-पुरुष सगळेच मानेपासून घोट्यापर्यंत सैल, जाड कपड्यांत असतात. आमच्या मुलीने पातळ, ताणला जाणारा स्कार्फ बांधून वर हेल्मेट घातले. पिन मात्र लावू नये, पडल्यावर टोचते. लांब ओढणीही नको, ती लिफ्टमध्ये अडकू शकते.

नमाजचे नियोजन

थंडीत तिथे सूर्योदय आठनंतर होतो, त्यामुळे फजर सावकाश मिळते. दिवस लहान असल्याने जोहर आणि असर मात्र जवळ जवळ येतात. आम्ही दुपारच्या जेवणाला बूट काढत असू, तेव्हाच वुजू आणि जोहर उरकत होतो. असरच्या वेळी स्की ठेवून परत येत होतो. किबला तिथे दक्षिण-आग्नेयेकडे आहे. आपल्याला पश्चिमेची सवय, म्हणून खोलीत जाताच दिशा पाहून ठेवावी.

आमच्या घरात हनफी आणि कोकणातले शाफई असे दोन्ही आहेत. हनफी मसलकात मुक्काम 15 दिवसांपेक्षा कमी असेल तर कसर आहे. शाफई मसलकात येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहण्याचा इरादा असेल तर नमाज पूर्ण पढायची. मुसाफिराला दोन नमाज एकत्र करण्याची सवलतही शाफईंना आहे. निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. आणि एक लक्षात ठेवावे, गरम पाणी मिळत असताना केवळ थंडी आहे म्हणून तयम्मुम चालत नाही.

जेवण, खर्च आणि वडीलधारे

बुर्सा हे इस्केंदर कबाबचे मूळ गाव. साखरेत मुरवलेले चेस्टनट इथली खास मिठाई. वाटेत सारिआलान येथे मांस घेऊन स्वतःच कोळशावर भाजून खाता येते. डोंगरावरच्या अनेक हॉटेलांत मात्र दारू मिळते आणि रात्री गाणी-बजावणी चालते. म्हणून आधी विचारूनच खोली घ्यावी.

आम्ही खाली शहरात राहिलो आणि रोज वर गेलो. त्यात खर्चही वाचला आणि मगरिब उलू जामीत मिळाली. दादी एक दिवस बर्फ पाहून आल्या. बाकीचे दिवस त्यांनी मशिदीत, 1491 च्या कोझा हानमधील रेशमी दुकानांत आणि चेकिर्गेच्या गरम पाण्याच्या हमामात काढले. तिथे स्त्रियांची सोय वेगळी असते.

इसराफचा प्रश्न आम्ही असा सोडवला. जकात आणि कुर्बानीचा हिस्सा आधी बाजूला काढला, कर्ज काढले नाही आणि दोन वर्षे घरातली इतर हौस आवरली.

हे विसरू नका

21 जानेवारी 2025 रोजी तुर्कस्तानच्याच कार्तलकाया येथे, शाळांच्या सुट्टीत, एका हॉटेलला पहाटेपूर्वी आग लागून 78 जण मरण पावले. त्यात अनेक मुले होती. म्हणून कुठेही उतरलात तरी सामान उघडण्यापूर्वी संकटकाळी बाहेर पडण्याचा जिना मुलांना चालून दाखवा.

जानेवारीअखेरच्या दोन आठवड्यांत तुर्की शाळांना सुट्टी असते, तेव्हा गर्दी टाळा. 2027 ते 2030 या वर्षांत रमजानही थंडीतच येतो आहे, त्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी हिजरी कॅलेंडर पाहा. अल्लाह सर्वांचा सफर आसान करो. आमीन.