आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले!

सजीवांचं वर्गीकरण शिकवताना सृष्टी, संघ, वर्ग, गण अशी उतरंड फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना आंब्याखाली न्यावं, असं मला मनापासून वाटतं. कैरी तोडली की देठातून चीक उडतो आणि ओठाला लागला तर फोड येतो, हे कोकणातल्या पोरांना सांगावं लागत नाही. काजूची ओली बी सोलताना हात सोलवटतात, बिब्बा अंगावर उततो, हेही घरात ऐकलेलं असतं. मग विचारा, या तिघांचाच असा त्रास का? कारण तिघंही अ‍ॅनाकार्डिएसी कुळातले. त्यांच्या चिकातली आणि टरफलातली दाहक रसायनं एकमेकांच्या फार जवळची आहेत. चारोळीही याच कुळातली!

आता आंब्याचा आणि काजूचा मोहोर शेजारी ठेवून भिंग हातात द्या. आंब्याच्या इवल्याशा फुलात बहुधा एकच पुंकेसर धड वाढलेला, बाकीचे खुरटलेले. काजूच्या फुलातही एक पुंकेसर इतरांपेक्षा चांगलाच लांब. हे साम्य मुलं स्वतः शोधतात तेव्हा ‘कुल’ हा शब्द पाठ करावा लागत नाही.

आणि काजू तर मूळचा ब्राझीलकडचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणलेला, तरी कुळ आंब्याचंच! वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली या दोघांना शास्त्रीय नावं दिली: मँगिफेरा इंडिका आणि अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले. पहिला शब्द प्रजातीचा, दोन्ही मिळून जातीचं नाव.

बिब्बा मात्र मुलांच्या हातात देऊ नका, लांबूनच दाखवा.