ऐकून घेतलं, नोंद केली
लेखमाला: भ्रमनिरासाचा भूगोल / लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात सूर्या प्रकल्पाच्या पाण्याची वाट पाहिली. धरण आदिवासी पट्ट्याच्या उशाशी, आणि रोजचं 403 दशलक्ष लिटर वसई-विरार, मीरा-भाईंदरच्या नळांसाठी. तेव्हा एक प्रश्न बाजूला ठेवला होता: अशा वेळी लोकांना कुणी विचारत नाही का? डहाणूच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवण बंदरापुरतं याचं उत्तर स्पष्ट आहे. विचारलं, आणि कायद्याने सांगितलंय म्हणून विचारलं.

त्यासाठी आधी कोळगावला जाऊ. पालघर-बोईसर रस्त्यावर, एरवी भाताची खाचरं आणि गवताची माळरानं असलेल्या भागात, जिल्हा मुख्यालयाच्या इमारती एकदम समोर येतात. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी, मुख्यालयाचं उद्घाटन झालं 19 ऑगस्ट 2021 रोजी. सरकारने इथली सुमारे 440 हेक्टर जमीन सिडकोला दिली. त्यातल्या 103 हेक्टरांवर मुख्यालय उभारायचं आणि उरलेल्या जमिनीवर नवं शहर वसवून, भूखंड विकून तो खर्च भरून काढायचा, असा व्यवहार. म्हणजे जिथे जनतेने दाद मागायची ते दार जमिनीच्या बाजारभावावर उभं आहे. यात बेकायदा काहीच नाही. म्हणूनच ते लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या इमारतींत येणारा माणूस निवेदन देतो आणि पोच घेतो. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक, कारकुनाची तिरकी सही. बाहेर आल्यावर तो कागद दुमडत नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत सरळ ठेवतात. ज्या गावांनी प्रकल्पांसाठी जागा सोडल्या, मग ते अणुभट्ट्यांसाठी उठवलेलं अक्करपट्टी असो की पोफरण, तिथे अशा पिशव्यांचा तोटा नाही.

वाढवण बंदराची पर्यावरणविषयक जनसुनावणी 19 जानेवारी 2024 रोजी पालघरला झाली. तिचे नियम 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत आहेत. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी असतो. तीस दिवस आधी सूचना द्यायची, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा. इथवर ठीक. पण गणपूर्तीची अट नाही. मतदान नाही. हजार लोक विरोधात बोलले आणि दोघे बाजूने, तरी निकाल लागत नाही, कारण निकाल लावण्याचा अधिकारच त्या मांडवाला नाही. हरकती लिहून घ्यायच्या, प्रकल्पवाल्याने उत्तर द्यायचं, इतिवृत्त दिल्लीला पाठवायचं. तिथली तज्ज्ञ समिती ते वाचते आणि शिफारस करते.

लोक मात्र निकालासाठी येतात. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा कित्येक वर्षं दिली गेली आहे, आणि ती देणाऱ्यांत मच्छीमार आहेत, शेतकरी आहेत, घरोघरी डायमेकिंग करणारे कारागीर आहेत. माइक हातात आला की माणसाला वाटतं, आपण सांगितलं म्हणजे थांबलं. माझ्या मते अपेक्षाभंगाची मुळं इथे आहेत. कुणी ऐकलं नाही ही तक्रार जुनी झाली. ऐकून घेतलं, नोंद केली आणि 16 फेब्रुवारीला पर्यावरण मंजुरी दिली, ही नवी.

पुढचा क्रम पाहा. 20 मे रोजी लोकसभेचं मतदान. पालघरमध्ये ते 64 टक्क्यांच्या आसपास झालं, मुंबईहून बरंच जास्त. 19 जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, 30 ऑगस्टला पालघरच्या सिडको मैदानावर पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन. (त्या दिवशीची मोठी बातमी मालवणला पडलेल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याबद्दल पंतप्रधानांनी मागितलेली माफी होती. बंदर दुय्यम ठरलं.) मतदानावरचा विश्वास शाबूत आणि निर्णयावरचा गेलेला, असा हा जिल्हा आहे.

मग विश्वास जातो कुठे? बोईसरच्या बाजारात पाहा. तारापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करणारा तरुण हप्त्यावर मोबाइल घेतो. पार्सल फुटकं निघालं तर फोनवरूनच तक्रार नोंदवतो आणि बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत पैसे परत मिळतात. तक्रार क्रमांक त्यालाही मिळतो, पण त्यापुढे काहीतरी घडतं. त्याच्या आईवडिलांच्या आवक क्रमांकापुढे काही घडत नाही. या मुलांना चंगळवादी म्हणून झटकणं मला पटत नाही. जिथे दाद लागते तिथे ती जातात.

अडचण एवढीच की गिऱ्हाईकाची ताकद खरेदीपुरती असते. 76 हजार 220 कोटींचं हे बंदर समुद्रात 1,448 हेक्टर भराव घालून उभं राहणार, वर्षाला 298 दशलक्ष टन माल हाताळणार. त्या कंटेनरांतून तुमच्या-माझ्या घरातला बराच माल येईल. पण वाढवणचा मच्छीमार या व्यवहारात गिऱ्हाईकच नाही. आवडलं नाही म्हणून तो काय परत करणार?

दाद लागलीच नाही असंही नाही. तारापूरच्या सांडपाण्याबद्दल अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. 2018 च्या मूल्यांकनात तारापूर देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत पहिलं आलं, 93.69 गुणांनी. 2022 मध्ये लवादाने शंभरच्या वर कारखान्यांसह जबाबदार धरलेल्यांवर मिळून सुमारे 160 कोटींची भरपाई बसवली. समुद्रातल्या गाळाला आणि मेलेल्या माशांना ती पुरेल का, हा वेगळा विषय. पण लवादाला आपल्या आदेशाची कारणं लिहावी लागतात. जनसुनावणीला ती लिहावी लागत नाहीत.

आणि कारणं लिहिणारी संस्था या किनाऱ्याला आधीपासून होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये नेमलेलं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना याच प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवणला नकार दिला, आणि 31 जुलै 2023 रोजी, धर्माधिकारींच्या निधनानंतर साडेचार वर्षांनी, याच प्राधिकरणाने होकार दिला. मधल्या पंचवीस वर्षांत किनारा बदलला की कसोटी, ते पुढच्या लेखांकात.