इफेक्ट : वाद्याच्या पोटातला की बाहेरून जोडलेला?

पडक्या विहिरीत हाक मारली की ती घुमत वर येते. तीच हाक माळावर मारा, कोरडीच विरून जाईल. हाक एक, जागा दोन. संगणकावर संगीत रचणारे ही जागाच कृत्रिम रीतीने घडवतात व तिला रिव्हर्ब म्हणतात. कोरस, डिले, डिस्टॉर्शन ही तिची भावंडे. सर्वांना मिळून इफेक्ट असे नाव आहे.

जे शिक्षक स्नेहसंमेलनाची गाणी संगणकावर मुद्रित करतात, त्यांना हटकून प्रश्न पडतो : सिंथेसायझरच्या आतलेच इफेक्ट वापरावेत, की मुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे स्वतंत्र प्लगइन?

१९८३ साली निघालेल्या यामाहाच्या डीएक्स ७ या वाद्यात इफेक्ट नव्हतेच. वेगळी पेटी जोडावी लागे. उलट रोलँडच्या जुनो-१०६ मध्ये (१९८४) कोरस आतच होता. तेथे एका स्वरामागे एकच ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारे मंडल. त्यामुळे सूर जरा सडपातळ. कोरसचे बटण दाबले की तोच सूर भरदार होई. असा इफेक्ट हा त्या आवाजाचा देहच समजा. तो काढू नये.

डिस्टॉर्शनची गंमत आणखी निराळी. तीन पट्ट्या एकदम दाबल्या आणि इफेक्ट बाहेरून लावला, तर स्वर आधी एकत्र होतात, मग विकृत होतात. आणि मुळात कोणी न वाजवलेले भलतेच सूर ऐकू येतात. काही सिंथेसायझर आतल्या आत प्रत्येक स्वराला वेगवेगळे डिस्टॉर्शन देतात. ते काम बाहेरून साधत नाही, बरं का!

रिव्हर्बचे मात्र उलट आहे. समजा, गाण्यात सिंथेसायझरची बासरी आहे, तारांचा आवाज आहे, आणि मुले गात आहेत. प्रत्येक आवाज आपापला रिव्हर्ब घेऊन आला, तर बासरी गाभाऱ्यात, तारा बोगद्यात आणि मुले वर्गात! शिवाय घुमारे एकमेकांत मिसळून शब्द बुडतात ते वेगळेच. म्हणून आतले रिव्हर्ब बंद करावेत. एकच स्वतंत्र रिव्हर्ब निराळ्या मार्गावर ठेवून सर्वांचा थोडाथोडा आवाज तिकडे पाठवावा. संगणकावरचा भारही त्याने हलका होतो. मुलांचा आवाज तर मायक्रोफोनमधून येणार. त्याला सहसा बाहेरचाच इफेक्ट लागतो.

तयार आवाजांत रिव्हर्ब पुष्कळदा सढळ हाताने घातलेला असतो. एकटा ऐकला की आवाज भारी वाटतो. मिठाईवरचा वर्खच तो! गाण्यात बसवताना तो खरवडावा लागतो. प्लगइन विकत घेण्याची घाई मात्र नको; बहुतेक मुद्रण-सॉफ्टवेअरबरोबर साधा रिव्हर्ब येतोच, आणि शाळेच्या कामाला तो पुरतो.

एक पथ्य मात्र पाळा. आतला आणि बाहेरचा इफेक्ट ताडून पाहताना दोन्हींची पातळी सारखी ठेवा. जो जरा मोठ्याने वाजतो, तोच कानाला सरस वाटतो.