धावपट्टीखालचा डोंगर

२५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि वृत्तपत्रांचे रकाने कमळाच्या आकृतीच्या छताने, चकचकीत दालनांनी आणि नामकरणाच्या वादाने जे भरले, ते अद्याप भरतच आहेत. परंतु ज्या भूमीवर हे सारे उभे आहे तिचा पुष्कळसा भाग मुळात भूमी नव्हताच, तो घडवावा लागला, ही गोष्ट त्या गदारोळात कोणाच्या फारशी खिजगणतीत आली नाही. उलव्याचा सुमारे नव्वद मीटर उंचीचा काळ्या पाषाणाचा डोंगर सुरुंगांनी फोडून आठेक मीटरांवर आणण्यात आला, त्याच्या पोटातला दगड-मुरूम खाजणांत व दलदलीत पसरण्यात आला, उलवे नदीचे पात्र वळविण्यात आले, आणि तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, वाघिवली आदी दहा गावांनी आपली घरेदारे व देवळे सोडली, तेव्हा कोठे ११६० हेक्टरांचा तो प्रकल्प नकाशावरून खाली उतरू शकला.

डोंगर तोडावा आणि खड्डा भरावा, यात बुद्धीचे ते काय काम, असे सुशिक्षितांनाही वाटते. पण येथे पहिला घोळ हिशेबाचाच असतो. डोंगरात शंभर ब्रास भरणारा खडक फोडून डंपरात घातला की दीडशे ब्रासांच्या आसपास जातो, आणि भरावात रोलरखाली कितीही दाबला तरी पूर्वीइतका आटोपशीर होत नाही. म्हणून मोजणी जागेवरच्या घट्ट मापाने करायची की डंपरातल्या ढिल्या मापाने, हे करारात स्वच्छ लिहिलेले नसेल, तर मोजमाप-पुस्तकाचे पान आणि ठेकेदाराचे बिल यांच्यात जो वाद जुंपतो तो इमारत पुरी झाली तरी मिटत नाही.

याहून महत्त्वाची बाब पाण्याची, आणि तिथे रॅल्फ प्रॉक्टर या लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातील अभियंत्याचे ऋण मानल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९२८ च्या मार्च महिन्यात त्याच खात्याचे सेंट फ्रान्सिस धरण मध्यरात्री फुटून चारशेहून अधिक माणसे वाहून गेली. धरण काँक्रीटचे होते, दगा दिला तो त्याला आधार देणाऱ्या डोंगराने. त्याच्या बदली बुके कॅन्यन येथे मातीची धरणे बांधण्याचे ठरले, तेव्हा माती पुरेशी दाबली गेली हे मुकादमाच्या भरवशावर न सोडता मोजून कसे ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर प्रॉक्टरने १९३३ साली प्रसिद्ध केले. माती फार कोरडी असेल तर कणांचे परस्परांतील घर्षण रोलरला दाद देत नाही, फार ओली असेल तर पोकळीतले पाणी दबत नाही. या दोहोंच्या मध्ये प्रत्येक मातीचे एक नेमके ओलाव्याचे प्रमाण असते, आणि तेवढ्याच ओलाव्यात तोच रोलर तिला सर्वाधिक घट्ट करतो. लिटरभर मापाचा साचा, तीन थर, प्रत्येक थरावर २.६ किलो वजनाच्या ठोकणीचे २५ ठोके, एवढ्या सामग्रीवर आपल्याकडेही हे प्रमाण आजतागायत काढले जाते. पुलांच्या आणि धरणांच्या शिल्पकारांचे पुतळे उभारणाऱ्या जगाने या गृहस्थाची फारशी दखल घेऊ नये, याचे मला खरोखर वैषम्य वाटते.

जाणता मुकादम मूठभर माती दाबून पाहतो: तिचा लाडू वळला, तळहात चिंब झाला नाही आणि लाडू खाली टाकताच फुटला, तर टँकरवाल्याला तो हातानेच थांबवतो. ही परीक्षा खोटी नव्हे. पण दाबलेल्या थरात वीतभर खोल खड्डा खणून, निघालेली माती तोलून, खड्ड्यात मोजकी कोरडी वाळू ओतून घनता काढणे, हाच पुरावा मानावा. थर एका वेळी वीतभराचाच पसरावा आणि महामार्गाच्या भरावात प्रयोगशाळेतील कमाल घनतेच्या ९५ टक्के तरी साधावे, असा दंडक आहे. प्रत्यक्षात चार फूट मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरविण्याची रीत सर्रास आढळते. वरचा थर दगडासारखा वाजतो, खालचा पहिल्या दोन पावसाळ्यांची वाट पाहतो.

खाली खाडीचा मऊ चिखल असेल तर गोष्ट याहून अवघड. त्यातले पाणी भरावाच्या भाराखाली वर्षानुवर्षे निथळत राहते आणि जमीन तितकी वर्षे खचत राहते. जपानचा कान्साई विमानतळ १९९४ मध्ये समुद्रातील भरावावर सुरू झाला. वाळूचे असंख्य उभे निचरास्तंभ घालूनही त्याचे बेट आरंभापासून दहा मीटरांहून अधिक खचले आहे. ते काम बेपर्वाईचे नव्हते. खचण्याचा अंदाज बांधूनच इमारतीच्या खांबांखाली जॅकची सोय ठेवलेली होती. खाजणे बुजवून वसाहती उठविणाऱ्या आपल्या बिल्डर मंडळींकडे अशी काही तजवीज असते काय, हे अंगणातील खचलेल्या फरशांवरून आणि पहिल्याच पावसात जिन्यापाशी तुंबणाऱ्या पाण्यावरून ज्याचे त्याने ठरवावे. नैसर्गिक उतार पुसून टाकणाऱ्याने पाण्याला दुसरी वाट दिलीच पाहिजे. आणि नेमक्या या कलमावर काटकसर केली जाते, कारण तो खर्च माहितीपत्रकाच्या चित्रात दिसत नाही.

सदनिकेचा करारनामा करताना आपण ओटा कोणत्या ग्रॅनाइटचा, नळ कोणत्या कंपनीचे, याची कसून चौकशी करतो. त्याबरोबर प्लॉटचा कोणता भाग खोदलेला व कोणता भरलेला, त्या भरावाचे घनतेचे अहवाल कोठे आहेत आणि पावसाचे पाणी कोणत्या बाजूने बाहेर काढले आहे, हे तीन प्रश्नही लेखी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.